रविवार वसूल करायचा कशाला?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका चाळिशीच्या आसपासच्या आहेत. मोठं शहर, दोघांचीही नोकरी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. दोन-तीन महिन्यांतून एकदा रविवारी गाडी काढून सगळे अडीच तासांवरच्या एखाद्या छोट्या गावाला जातात आणि रात्री परततात. हेतू एकच, जरा निवांतपणा. प्रत्यक्षात मुलगा वाटेत उलटी करतो, सासूबाई बराच वेळ गाडीतच बसून राहतात, परतताना नवऱ्याचे डोळे मिटायला लागतात, रात्री दहाला घरात पाऊल टाकताच कशावरून तरी भांडण होतं. सोमवारी कामावर जाताना बाईंना वाटतं, त्यापेक्षा घरी लोळत पडले असते तर बरं. मागच्या वेळी यादीतल्या आठपैकी पाचच जागा बघून झाल्या, तेव्हा नवरा म्हणाला, "दिवस फुकट गेला." हल्ली त्यांना एकटीनंच कुठंतरी जाऊन यावंसं वाटतं आणि तसं वाटल्याची लाजही वाटते. "आमचं नियोजन चुकतंय, की मीच स्वार्थी झालेय?" असं त्यांनी विचारलंय.

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेतली आणि कामं दिसतील तिथं रेघ मारत गेले. गाव शोधणं. रस्ता बघणं. कुठली जागा किती वाजता उघडते त्याची चौकशी. सगळ्यांचे कपडे. सासूबाईंची औषधं. मुलासाठी जास्तीचा शर्ट आणि उलटीच्या पिशव्या. पाण्याच्या बाटल्या. टॉवेल आणि चार्जर. निघताना गॅस, खिडक्या, कुलूप. आल्यावर बॅगा रिकाम्या करणं. मग रात्री अकराला मशीन लावणं. अकरा रेघा झाल्या, आणि यातल्या एकालाही तुम्ही काम म्हटलेलं नाही. "मी सगळी तयारी करून ठेवते, तरी..." एवढ्या एका वाक्यात ती सगळी उरकलीत. नवऱ्याच्या वाट्याला गाडी चालवणं आहे, तेही कष्टाचंच. त्याकडे पुढे येते.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की नियोजनात मला काहीच खोट दिसत नाही. उलट ते इतकं चोख आहे, की आठवडाभर ऑफिसात जे करता तेच तुम्ही रविवारी गाडीच्या पुढच्या सीटवर बसून करता. सहल बाकीच्यांची होते आणि तुमचा होतो कामाचा सातवा दिवस.

कामाचा शीण नेमका कशानं उतरतो, यावर झाबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या दोन अभ्यासकांनी २००७ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. त्यांनी चार गोष्टी वेगळ्या काढल्या. कामापासून मन सुटणं, अंग आणि डोकं सैल पडणं, काहीतरी नवं जमल्याचा आनंद, आणि आपला मोकळा वेळ आपल्या मर्जीनं घालवता येणं. चौथीवर जरा थांबा. मागच्या सहलीत दिवसभरात असा एक तास आठवतोय का, ज्यात पुढं काय करायचं ते तुम्ही केवळ स्वतःच्या लहरीवर ठरवलंत? यादी तुम्हीच केली होती हे खरं, पण ती सगळ्यांच्या सोयीची होती, आणि गाडी सुरू झाल्यावर ती यादीच तुम्हाला पळवत होती.

आता "दिवस फुकट गेला" याबद्दल. हे वाक्य तुम्हाला लागलं, पण मला वाटतं तुमचाही त्याच्यावर थोडा विश्वास आहे. नाहीतर तुम्ही "आठपैकी पाच" असा हिशेब लिहिला नसता. इतका पेट्रोलचा खर्च, एवढ्या लवकर उठणं, हातात असलेला एकच रविवार, मग तो वसूल व्हायलाच हवा, असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतं. वसुली म्हटलं की मोजदाद आली, मोजदाद आली की घड्याळ आलं. आणि घड्याळ बघत कुणाला निवांत वाटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

गंमत म्हणजे ही खोड जुनी आहे. एका दिवसात जाऊन यायच्या सहलींचा इतिहास सांगताना थॉमस कुक यांचं नाव हमखास निघतं. ५ जुलै १८४१ रोजी त्यांनी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातून लफबरो या लहान गावाला रेल्वेनं सुमारे पाचशे माणसं नेली, जाऊन-येऊन एक शिलिंग भाड्यात. पण ती काही आराम करायला निघालेली मंडळी नव्हती. दारूबंदीचा प्रचार करणाऱ्यांचा मेळावा होता तो, बॅंड आणि भाषणांसकट. म्हणजे तेव्हापासूनच एक दिवसाच्या सहलीला भरगच्च कार्यक्रम चिकटलाय. असो.

मी स्वतः या वसुलीच्या रोगातून कशी थोडीफार सुटले ते सांगते. काही वर्षांपूर्वी अशाच एका छोट्या गावाला गेले होते. तिथलं जुन्या वस्तूंचं संग्रहालय बघायचं, त्यानंतर अजून चार जागा, असं वहीत वेळांसकट लिहून. संग्रहालयाला नेमकी त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी. चौकशी मीच केलेली नव्हती, त्यामुळे राग काढायलाही कुणी नव्हतं. परतीच्या गाडीला साडेतीन तास होते. ऊन बरंच होतं, म्हणून समोरच्या झाडाखालच्या बाकावर बसले. पलीकडच्या दुकानाच्या पाटीवर एक म्हातारा रंगारी अक्षरं काढत होता. आधी खडू फासलेला दोरा दोन टोकांना ताणून धरला आणि मधोमध चिमटीत उचलून सोडला. टप्प आवाज झाला, पाटीवर सरळ पांढरी रेघ उमटली. मग डाव्या हातात एक काठी आडवी धरली, तिच्यावर उजवं मनगट टेकलं आणि ब्रश चालवायला सुरुवात केली. एका अक्षराची गोलाई पुरी होईपर्यंत तो श्वास धरून ठेवायचा. अक्षर झालं, की चार पावलं मागं यायचा, डोळे बारीक करून बघायचा, पुन्हा शिडीवर. दीड तासात सहा अक्षरं झाली. पाटी कशाची ते मला अजून माहीत नाही, कारण शब्द पुरा व्हायच्या आत माझी गाडी आली.

त्या वर्षी मी बऱ्याच ठिकाणी फिरले. बाकीचं फोटो बघितल्याशिवाय आठवत नाही.

याचा अर्थ तुम्ही बाकावर बसून रंगारी शोधावा असा नाही. तसा तो मिळतही नाही. पण तुमच्या आठ जागांच्या यादीत अशा दीड तासाला शिरायला फट कुठं होती, एवढं बघा. पुढच्या वेळी यादीत एकच जागा ठेवा. एखादी टेकडी, नदीकाठ, जुनी वास्तू, जे काही असेल ते. ती जागाही पोचल्या पोचल्या नको. आधी तासभर गाव नुसतं पायाखालून घाला. गाड्यांच्या रस्त्यानं शिरलेलं गाव आणि चालत बघितलेलं गाव यांत इतका फरक असतो, की दोन वेगळी गावं वाटावीत. आणि ती एक जागा बंद निघाली तरी चिडू नका. माझं काय झालं ते वर आलंच आहे.

तुम्ही लिहिलंय, "छोट्या गावात तरी शांत वाटेल असं वाटलं होतं, तिथंही गर्दीच." इथं थोडं टोकते. गाव आपल्याला शांत करण्यासाठी वसलेलं नसतं. तिथल्या माणसांची तिथं दुकानं असतात, भांडणं असतात, परीक्षा असतात. इटलीत १९९९ साली चार लहान गावांनी मिळून 'चित्तास्लो' नावाची एक चळवळ सुरू केली, सावकाश जगणाऱ्या गावांची. गोगलगाय हे त्यांचं चिन्ह, आणि सभासद व्हायचं तर लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत हवी. मला त्यातलं आवडतं ते हे, की मुळात ती धडपड गावकऱ्यांचं स्वतःचं जगणं बरं व्हावं म्हणून होती. पाहुण्यांचा विचार नंतरचा. तेव्हा ज्या गावाच्या नावापुढं पर्यटनाची पाटी लागलीय तिथं रविवारी शहरातली अर्धी माणसं आलेली असणारच. निवांतपणा हवा असेल तर जिथं "बघण्यासारखं काही नाही" असं लोक सांगतात ते गाव निवडा. आणि नोकरीत एखादी आडवारी रजा मिळत असेल, तर तीच सगळ्यात कामाची.

अंतराचंही तसंच. अडीच तास जाणं, अडीच तास येणं, म्हणजे सरळ पाच तास गाडीत. हा कागदावरचा हिशेब, रविवार संध्याकाळची शहराच्या तोंडाशी होणारी कोंडी त्यात धरलेली नाही. माझा ठोकताळा असा, की एका बाजूचा प्रवास दीड तासाच्या वर गेला तर मुक्कामाचं बघावं, नाहीतर जवळचं गाव बघावं. दीड तासांवर कुठलंच बरं गाव नाही असं म्हणाल, तर एकदा नकाशावर गाडीरस्ता सोडून रेल्वेमार्गावर बोट फिरवून बघा. आपण गाडी घेतल्यापासून रेल्वेची लहान स्टेशनं विसरून गेलेलो असतो.

परतीची वेळ हा माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात सोपा सुटणारा गुंता आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे. लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअस इतक्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला लावलं. दुसऱ्यांदा तसेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात पाण्याचा गारवा हळूहळू एखाद्या अंशानं कमी केला. यातलं कुठलं पुन्हा कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं, म्हणजे जास्त वेळाचं निवडलं. एकूण त्रास जास्त होता, पण शेवट जरा बरा होता. आपली आठवण सरासरी काढत बसत नाही. त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, यांना ती फार धरून असते.

आता तुमचा रविवार बघा. शेवट काय, तर दोन तासांची वाहतूककोंडी, पेंगणारा नवरा, रडवेला मुलगा, आणि दारात भांडण. सकाळी नदीवर कितीही छान वाटलं असलं तरी सोमवारी आठवणार तो हा शेवट. म्हणून निघायची वेळ आधी ठरवा आणि ती दुपारची ठेवा. तीनला गाव सोडा, उजेडात घरी या. अंघोळ करा, पाय पसरून बसा. बॅगा तशाच राहू द्या, मशीन सोमवारी लागेल. संध्याकाळचे दोन-तीन तास घरात मोकळे मिळणं हाही सहलीचाच भाग धरा. "एवढ्या लांब आलोय, सूर्यास्त बघूनच जाऊ" असं कुणीतरी म्हणेल. त्याला गच्चीवरून दिसेल तेवढा दाखवा.

पण तीनला निघायचं तर त्यातही एक अडचण आहे, ती नवऱ्याची झोप. दुपारी साधारण दोन ते चारच्या दरम्यान शरीर आपसूक सुस्तावतं. पहाटे गजर लावून उठलेला माणूस असेल तर विचारूच नका. खिडकी उघडणं, गाणी मोठ्यानं लावणं यानं झोप जात नाही, नुसतं गेल्यासारखं वाटतं. म्हणून निघण्याआधी त्यांना पंधरा-वीस मिनिटं आडवं होऊ द्या, आणि त्या वेळात कुणी त्यांना हाक मारू नका. वाटेत दर दोन तासांनी तरी थांबा. डोळे मिटताहेत असं एकदा जरी वाटलं तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि झोपा. यात घरी पोचायला रात्र झाली तरी चालेल. तुम्हाला चालवता येत असेल तर परतीचं चाक तुम्ही घ्या, मात्र मग मागच्या सीटवरची सगळी खाती त्यांच्याकडे. "जरा बघता का त्याच्याकडे" हे वाक्य गाडी चालवताना तोंडातून काढायचं नाही.

मुलाच्या उलटीबद्दल तुम्ही ओझरतंच लिहिलंय, पण त्या बिचाऱ्यासाठी सहल म्हणजे मुख्यतः तेच. साधारण दोन ते बारा या वयात गाडी लागण्याचा त्रास जास्त असतो. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण हलतोय, आणि मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोघांचं जमेना की पोट ढवळतं. त्यामुळे गाडीत मोबाइल आणि पुस्तक दोन्ही बंद. पुढची काच दिसेल असं बसवा, लांबवर बघायला सांगा, काच थोडी खाली ठेवा, निघताना पोट गच्च नको आणि अगदी रिकामंही नको. तरीही थांबलं नाही तर औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. गाडीपेक्षा रेल्वे त्याला सोसते का, तेही एकदा बघा.

आता लाजेबद्दल. एकटीनं जावंसं वाटतं हे तुम्ही पत्राच्या शेवटच्या चार ओळींत लिहिलंय, तेही "कृपया गैरसमज नको" असं म्हणून. माझा काहीही गैरसमज झालेला नाही. तुम्ही घर सोडून निघालेला नाही आहात, सकाळी जाऊन संध्याकाळी येणार आहात. नवरा ऑफिसच्या कामासाठी दिवसभर बाहेर असतो तेव्हा त्याला कुणी स्वार्थी म्हणतं का? तरीही मी तुम्हाला लगेच "जा" म्हणणार नाही, कारण एक धोका मला दिसतोय. तुम्ही आदल्या रात्री दोन वेळचा स्वयंपाक करून, गणवेश इस्त्री करून, औषधांच्या डब्या भरून, सगळ्यांसाठी चिठ्ठ्या लिहून निघाल. मग दर तासाला फोन कराल. तसं असेल तर खरंच नका जाऊ, दमून याल ते याल, वर अपराधी वाटेल. जायचं तर घर जसं आहे तसं सोडून जायचं. फोन दुपारी एकदा, तोही तुम्हाला वाटलं तर.

एकटीनं पहिल्यांदाच जाताय तर गाव ओळखीचं किंवा निदान सरळ जाता येईल असं असू द्या. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी बघा, आणि त्याच्या आधीची गाडी आपली समजा. कुठं जाताय ते घरात एकाला सांगून ठेवा. पायांत जुन्या चपला किंवा बूट, नवे नकोत. पहिला तासभर फार विचित्र जातो, हे आधीच सांगते. हात रिकामे असतात, कुणी काही मागत नाही, आपण काहीतरी विसरलोय असं सारखं वाटतं. मला तर पहिल्या खेपेला दोनदा पर्स उघडून बघावंसं वाटलं होतं. तो तास गेला की बरं वाटायला लागतं.

आणि चौघांची सहल? ती बंद करा असं म्हणत नाही. पुढची सहल मात्र नवऱ्याच्या हातात द्या. पूर्ण द्या, गाव निवडण्यापासून कुलपापर्यंत. त्यांनी विचारलं, "टॉवेल कुठे आहेत?" तर कपाट सांगा, टॉवेल काढून देऊ नका. ते तीन गोष्टी विसरतील. त्यातली एक कदाचित महत्त्वाची असेल. औषधं तेवढी सासूबाईंच्या स्वतःच्या पर्समध्ये राहू द्यात, बाकी कशानं आभाळ कोसळत नाही. तुम्ही मागं बसा आणि खिडकीतून बाहेर बघा. हे त्यांना आदल्या रात्री भांडताना सांगू नका, दोन आठवडे आधी एखाद्या बऱ्या वेळी सांगा. आणि "तुम्हाला काय कळतंय माझे कष्ट" अशी सुरुवात न करता ती अकरा कामं कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. मला पत्र वाचताना ती दिसायला दोन वाचनं लागली. त्यांना तर ती कधी वाचायलाच मिळालेली नाहीत, हेही लक्षात घ्या.

सासूबाईंचं राहिलंच. तुम्ही लिहिता, "त्यांना एकटं ठेवून कसं जायचं, म्हणून नेतो." आणि त्या जाऊन गाडीत बसतात. गुडघे दुखत असतील, चढायला नको वाटत असेल, हे एक. पण मला दुसरीच शंका येतेय. तुम्ही सगळे मिळून आपल्याला प्रेमानं नेताय, तर नाही कसं म्हणायचं, म्हणून तर त्या येत नसतील ना? दोघी एकमेकींसाठी ही सहल करत असाल तर मोठीच गंमत आहे. एकदा नवरा आणि मुलगा घरात नसताना त्यांना सरळ विचारा, "आई, तुम्हाला यायला आवडतं का, की घरी बरं वाटतं?" त्या लगेच "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतील. तिथं थांबू नका, पुन्हा विचारा. आणि काय म्हणाल्या ते मला नक्की कळवा.